पुण्यात कारचा टेल लाइट बदलायला किती खर्च येतो?
आधी नुसता बल्ब गेलाय की काच फुटलीय ते बघा. बल्बच असेल तर शंभराच्या आसपास भागतं. बहुतेक गाड्यांत तो दोन फिलामेंटचा, २१/५ वॅटचा (ब्रेक लाइटला २१, टेल लाइटला ५) असतो. काच फुटली तर अख्खा दिवाच घ्यावा लागतो. माझ्या जुन्या हॅचबॅकचा नाना पेठेत दीड हजाराला मिळाला, बसवायचे दोनशे वेगळे. डिकीतून दोन नट आणि एक सॉकेट, दहा मिनिटांचं काम! एलईडीचा असेल तर मात्र खिशाला चांगलीच चाट. एवढ्यासाठी विम्याचा क्लेम करू नका, नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाईल (पाच वर्षं क्लेम केला नसेल तर ती ५० टक्क्यांवर गेलेली असते). आणि जाताना फुटका दिवा सोबत न्या, डाव्या-उजव्याचा घोळ होतो.