बिरडं : दाणा की भाजी?

एका वाचकांनी विचारलं आहे : अलिबागच्या बाजारात मावशींनी ‘बिरडं घ्या, ताजं आहे’ म्हणत सोललेले वाल दिले. दुपारी खानावळीत बिरडं मागितलं, तर वाटीत रस्साभाजी आली. मग बिरडं नेमकं कशाला म्हणायचं? आणि त्याला सरळ उसळ का म्हणत नाहीत?

मावशीही बरोबर, खानावळवालाही बरोबर. आमच्या रायगडात कडधान्य भिजवून, मोड आणून सोललं की त्याचं बिरडं होतं, आणि त्याची भाजी केली की तीही बिरडंच. सगळी मेख सोलण्यात आहे. मोडाचे मूग सालासकट शिजवले तर ती मुगाची उसळ. तेच सोलून घेतले की मुगाचं बिरडं. मटकी कोणी सोलत बसत नाही, म्हणून मटकीचं बिरडं तुमच्या कानावर आलं नसेल.

हे सोलणं ज्याने केलंय त्याला या शब्दाची किंमत कळते. कडवे वाल रात्री भिजत घालायचे, सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधून ठेवायचे. उन्हाळ्यात दुसऱ्या सकाळी मोड डोकावतात, पावसाळी गारव्यात आणखी वेळ लागतो. मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबायचा. साल बोटांत राहतं, दाणा पुचकन परातीत पडतो. श्रावणी सोमवारी आमच्या घरी वालाचं बिरडं ठरलेलं, आणि आजी मुलांनाही परातीभोवती बसवायची. मोड तुटलेला तिला खपत नसे.

रत्नागिरीकडे याच सोललेल्या वालांना डाळिंब्या म्हणतात आणि भाजीला डाळिंब्यांची उसळ. दाण्याला एक नाव, भाजीला दुसरं. तुमच्यासारखा गोंधळ तिथे होणार नाही. सारस्वतांच्या मुगागाठीही मोड आणून सोललेल्या मुगांच्याच. त्यांना उसळ म्हणून पाहा, घरची माणसं लगेच दुरुस्त करतील.

जाता जाता दोन गोष्टी सांगतो, कारण हल्ली पाककृतींत त्यांची सरमिसळ फार दिसते. कणीक आपण भिजवतो, पोहे भिजवतो. वाल मात्र भिजत घालतो. त्या ‘घालतो’मध्ये रात्रभर तसंच राहू देणं आहे. भिजत घोंगडं म्हणतो तेव्हाही मनात तेच असतं.

दुसरी गोष्ट मोड आणि कोंब यांची. वाल-मुगातून आधी बाहेर येतं ते मूळ, त्याला आपण मोड म्हणतो. बटाट्याला, कांद्याला, नारळाला, बांबूला वर फुटतो तो कोंब. कापून ठेवलेलं भात अवकाळी पावसात भिजलं तर मात्र शेतकरी दोन्ही म्हणतात, मोड आले आणि कोंब फुटले. पाकिटांवर छापतात ते ‘अंकुरित कडधान्य’ मला परकं वाटतं. ‘मोडाचं कडधान्य’ म्हटलं की कुठल्याही स्वयंपाकघरात कळतं.

आणि बाजारात पुन्हा गेलात तर नुसतं ‘बिरडं द्या’ म्हणा. वालाचं का, हे तिथे कोणी विचारणार नाही. मुगाचं हवं असेल तरच नाव घ्यावं लागतं.