कुरआन समजून वाचायचं आहे, सुरुवात कशी करू आणि ते आजच्या जगण्यात कसं आणू?

तुम्ही लिहिलंय की लहानपणी अरबीत वाचायला शिकलात, दोन-तीनदा पूर्ण वाचून खतमही झालं, पण अर्थाकडे कधी वळला नाहीत. आता तरजुमा (भाषांतर) हातात घेतला तर चौदाशे वर्षांपूर्वीचं बोलणं नोकरी, संसार आणि मोबाइलच्या दिवसांशी कसं जोडायचं ते कळत नाही. काही आयतींनी (कुरआनच्या वचनांनी) तर गोंधळच उडतो.

माझंही असंच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहिते. मी आलिमा, म्हणजे धर्मशास्त्र शिकलेली बाई, नाही. हलाल-हरामचा निवाडा हवा असेल तर जाणकारालाच विचारा. मी सांगतेय ते एका वाचणारीचं आहे.

पहिली गोष्ट, वेग कमी करा. रोज एक पारा (कुरआनचा तिसावा भाग) या हिशोबाने तिलावत, म्हणजे पठण, होते आणि तिचा सवाब (पुण्य) आहेच, पण समजून घ्यायला तो हिशोब उपयोगाचा नाही. पैगंबरांचे साथी अब्दुल्लाह इब्न मसऊद (रजि.) सांगत की आमच्यातला कुणी दहा आयती शिकला की त्यांचा अर्थ आणि त्यांवरचा अमल (आचरण) येईपर्यंत पुढे जात नसे. दुसरे साथी अबू जर (रजि.) यांची हदीस (पैगंबरांबद्दलची सांगून ठेवलेली नोंद) आहे की एकदा पैगंबर (स.) पहाटेपर्यंत नमाजमध्ये एकच आयत म्हणत राहिले: ‘तू त्यांना शिक्षा केलीस तर ते तुझेच बंदे आहेत, आणि माफ केलंस तर तूच सामर्थ्यवान, हिकमतवाला आहेस’ (५:११८, म्हणजे पाचवी सूरह किंवा अध्याय, आयत ११८). ज्यांच्यावर कुरआन उतरलं त्यांनी एका आयतीवर रात्र घालवली. आपण आठवडा घालवायला काय हरकत आहे?

कुरआन या वाचण्याला ‘तदब्बुर’ म्हणतं. शब्दाचं मूळ ‘दुबुर’, म्हणजे पाठ, शेवट. बोलण्याच्या मागे काय आहे आणि ते शेवटी कुठे नेतं, हे बघत राहायचं.

मला हे कळलं ते सूरह बकराच्या २८२व्या आयतीमुळे. कुरआनमधली ही सगळ्यात लांब आयत, आणि तिचा विषय आहे उधारी. कितीतरी वर्षं मी ती भराभर म्हणून पुढे जात होते. मग माझं आणि मावसभावाचं पैशावरून बिनसलं. तो अडचणीत होता, मी दिले; थोडे आता, थोडे नंतर, असे चार-पाच वेळा. घरच्या माणसात कागद कसला करायचा, म्हणून कुठे नोंद नाही. परतफेडीची वेळ आली तेव्हा माझा आकडा एक आणि त्याचा दुसरा. दोघांनाही आपलाच खरा वाटत होता. बोलणं बंद झालं.

त्या दिवसांत ती आयत एकेका वाक्यावर थांबत वाचली. मुदतीची उधारी करता तेव्हा लिहून ठेवा. रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका. आणि मजकूर कुणी सांगायचा? ज्याच्यावर देणं आहे त्याने. इथे मी अडले. एरवी कागद तयार करतो तो पैसे देणारा. घेणारा गरजेपोटी दाखवाल तिथे सही करतो. इथे मात्र लिहिणारा कुणीही असो, शब्द देणेकऱ्याचे. त्याला बजावलंही आहे की अल्लाहचं भय ठेव आणि त्यातून काही कमी करू नकोस. त्याच्या तोंडून आलेलं तो नंतर नाकारू शकत नाही, आणि त्याने न कबुललेलं कुणी त्याच्या माथी मारू शकत नाही. पुढे कारणही दिलंय: हे जास्त न्यायाचं, साक्षीला बळकटी देणारं आणि शंकेला जागा न ठेवणारं आहे. मी लिहिण्याला अविश्वास समजत आले होते. आयत त्याला नात्याची राखण समजते. आणि दोनच आयती मागे (२:२८०) आहे की देणेकरी तंगीत असेल तर हात मोकळा होईपर्यंत मुदत द्या. सोडून दिलंत तर ते तुमच्यासाठी जास्त चांगलं.

मी मावसभावाला फोन केला. म्हटलं, “भाई, आकडा तू सांग. तू सांगशील तोच मी लिहिते.” बराच वेळ तो गप्प राहिला. मग जो आकडा बोलला तो माझ्यापेक्षा कमी होता, पण आधी तो म्हणायचा त्याहून जास्त. मी तोच मेसेजमध्ये लिहिला, मुदत त्यालाच ठरवायला सांगितली, माझे मिस्टर आणि खाला (मावशी) यांना साक्षीला घेतलं. पैसे फिटायला दीड वर्ष लागलं. बोलणं त्याच दिवशी सुरू झालं.

याच आयतीत साक्षीसाठी दोन पुरुष, ते नसतील तर एक पुरुष आणि दोन स्त्रिया, असंही आहे. बाई म्हणून मला ते टोचायचं, आणि टोचतं म्हणून मी ते ओलांडून जायचे. नंतर कळलं की जुने विद्वान इब्न कय्यिम (मृत्यू १३५०) यांनी यात भेद केला होता: हा सल्ला आपला हक्क सुरक्षित ठेवू पाहणाऱ्या माणसाला आहे, काजीने कशाच्या आधारावर निकाल द्यावा हा प्रश्न वेगळा. तेव्हापासून अडलेली आयत मी टाळत नाही, तिच्यावर आधी कुणी काय म्हटलंय ते शोधते.

तुमच्या गोंधळाच्या आयतींबद्दल हेच सांगेन. सूरह तौबाची पाचवी आयत घ्या, जिथे मुश्रिकांशी (अनेक देव मानणाऱ्यांशी) लढण्याचा हुकूम आहे. ती एकटीच उचलून नाचवणारे दोन्हीकडे आहेत. चौथी आयत म्हणते, ज्यांनी करार पाळला त्यांच्याशी मुदत संपेपर्यंत करार पाळा. सहावी म्हणते, त्यांच्यातल्या कुणी आसरा मागितला तर द्या, त्याला अल्लाहचं बोलणं ऐकू द्या, मग त्याला त्याच्या सुरक्षित जागी पोचवा. तेरावी सांगते की शपथा मोडून पहिला हल्ला त्यांनी केला होता. हे सगळं वाचल्यावरही प्रश्न उरतील, पण ते खरे प्रश्न असतील. माझी सवय अशी: मागच्या-पुढच्या दहा आयती, मग ती मक्की की मदनी (मक्केच्या काळातली की मदिनेच्या) आणि कोणत्या प्रसंगाची, मग दोन वेगवेगळ्या तफसीरी (भाष्यं) शेजारी-शेजारी. एकाच तफसीरीवर थांबू नका, मतभेद दिसले की डोकं चालू लागतं.

आता मोबाइल. सूरह हुजुरातची सहावी आयत: कुणी फासिक (बेभरवशाचा, आज्ञा मोडणारा) बातमी घेऊन आला तर शहानिशा करा, नाहीतर अजाणता कुणाचं नुकसान कराल आणि पस्तावाल. तफसीरींमध्ये प्रसंग येतो की बनू मुस्तलिक टोळीकडे जकात (धार्मिक दान) आणायला पाठवलेला माणूस अर्ध्या वाटेतून परतला आणि ते जकात नाकारतायत, जिवावर उठलेत, असं सांगू लागला. कारवाईची वेळ आली होती. बातमी खोटी निघाली. शहानिशेसाठी आयतीत शब्द आहे ‘फतबय्यनू’, उलगडा करून घ्या. हमजा आणि किसाई या जुन्या पठणकर्त्यांच्या किराअतमध्ये (वाचनपद्धतीत) तिथेच ‘फतसब्बतू’ वाचतात: थांबा, घाई करू नका. मी दोन्ही धरून ठेवलेत. राग आणणारा मेसेज आला की तो दुसऱ्या सकाळपर्यंत पुढे पाठवत नाही. सकाळी बहुतेक वेळा पाठवावासाच वाटत नाही.

हुजुरातचीच बारावी आयत कुणाची टेहळणी करू नका म्हणते, म्हणून मी मुलीचा फोन तिच्या नकळत उघडणं सोडलं. विचारायचं ते तोंडावर विचारते. सूरह नूरमध्ये (२४:२८) आहे की दारावर ‘परत जा’ म्हटलं तर परत जा. उचलला न गेलेला फोन मी तसाच धरते, लागोपाठ पाच वेळा करत नाही.

एक चूक मात्र मी फार वर्षं केली. पाठीमागे वाईट बोलणं म्हणजे मेलेल्या भावाचं मांस खाणं, हे वाचताना मला नेमक्या एक जाऊबाई आठवायच्या. आता आयत वाचताना दुसऱ्या कुणाचा चेहरा समोर आला की मी ती परत पहिल्या शब्दापासून वाचते.

आणि प्रत्येक आयतीत आजचं विज्ञान शोधायच्या मागे लागू नका, असं मला कळकळीने वाटतं. सिद्धांत बदलतात, आणि तोवर आयत आपल्याकडून काय मागत होती ते राहूनच जातं.

सुरुवात हुजुरातपासून करा. अठराच आयती आहेत, दोन महिने पुरतील. वही ठेवा, रोज हातात असलेली आयत आणि त्या दिवशी तिचं काय केलंत तेवढंच लिहा. नंतर सूरह माऊन घ्या. ती तुम्हाला पाठ असेलच. नमाजी असूनही जे ‘माऊन’ द्यायला नाकारतात त्यांची तिथे खराबी सांगितली आहे. त्या शब्दाचा अर्थ सांगताना इब्न मसऊद (रजि.) यांनी कुऱ्हाड, भांडं आणि पोहरा अशी नावं घेतली होती, शेजारी एकमेकांकडे मागतात त्या वस्तू. वहीत तुमच्या घरातली नावं लिहा. माझ्या पानावर शिडी, चार्जर आणि प्रिंटर आहे.