ठरवलं तसं झालं नाही, मग माझा उपयोग काय?

"जसं ठरवलं होतं तसं काहीच झालं नाही. मग मी तिथे असून उपयोग काय झाला?"

माझ्याकडे बोलायला येणाऱ्या डूलांच्या, म्हणजे बाळंतपणात साथ देणाऱ्या सोबतिणींच्या, तोंडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता समोरची खुर्चीत कशी बसते यावरूनच ते येणार हे मला कळतं. कुठे ऐनवेळी सिझेरियन झालेलं असतं. कुठे औषधाशिवाय बाळंत व्हायचं ठरवून आलेल्या बाईने मध्यरात्री वेदना थांबवणारं इंजेक्शन मागून घेतलेलं असतं. आई आणि बाळ दोघंही ठीक असतात, डूलाचा चेहरा मात्र नापास झाल्यासारखा.

डूला म्हणजे बाळंतपणाआधी, कळांच्या काळात आणि नंतर बाईला साथ देणारी प्रशिक्षित सोबतीण. ती तपासणी करत नाही, औषध देत नाही. कंबर दाबून देते, कुशीवर वळायला मदत करते आणि ड्यूटी संपली म्हणून मध्येच निघून जात नाही. अशा साथीने फरक पडतो का, याचं उत्तर मिळालेलं आहे. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात १७ देशांतल्या पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. अखंड सोबत मिळालेल्या स्त्रियांमध्ये कळांचा काळ थोडा कमी, सिझेरियनचं प्रमाण कमी आणि अनुभवाबद्दलची कटुताही कमी दिसली. पण समोर बसलेल्या डूलाला पंधरा हजार जणींशी काही देणंघेणं नसतं. तिला तिच्या एकीची काळजी असते.

अशीच एक जण बरेच महिने माझ्याकडे येत होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तिने साथ दिलेल्या बाईच्या कळा रात्रभर चालल्या, गर्भाशयाचं तोंड सात सेंटीमीटर उघडून अडलं, पुढे उघडेना आणि पहाटे सिझेरियन झालं. त्यानंतर ती बाई डूलाशी जेवढ्यास तेवढंच बोलू लागली होती.

"तिला भेटल्यावर तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, तू खूप धीराने घेतलंस. बाळ सुखरूप आहे, हेच महत्त्वाचं."

"आणि ती?"

"हो म्हणाली. मग विषयच बदलला."

बाळंतिणीला गप्प करायला 'बाळ सुखरूप आहे ना' यापेक्षा प्रभावी वाक्य मला ठाऊक नाही. ते खरं असतं, म्हणूनच तिला पुढे काही बोलता येत नाही. पुढे तक्रार केली तर ती कृतघ्न ठरते. बोलणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं, यात शंका नाही.

मी डूलाला विचारलं, "त्या रात्रीतलं तिला काय आठवतं?" ती थबकली. तिने विचारलंच नव्हतं. स्वतःला काय जमलं नाही याची यादी तिच्याकडे तयार होती, पण त्या बाईची रात्र कशी गेली हे तिला माहीत नव्हतं. मी एवढंच सुचवलं, की एकदा फक्त ऐकायला जा. सुरुवात तिला करू दे, क्रम चुकला तरी दुरुस्त करू नकोस. त्या रात्री काय घडलं ते तू स्वतः लिहून ठेवलेली वही जवळ असू दे, पण तिने विचारल्याशिवाय उघडू नकोस.

पुढच्या वेळी ती आली आणि पर्स खाली ठेवायच्या आधीच बोलायला लागली.

त्या बाईने पहाटेपर्यंतचं नीट सांगितलं होतं. मग म्हणाली, "नंतर मी नव्हतेच. त्यांनी मला उचललं, नेलं, बाळ काढलं. मी नुसती पडून होते." बराच वेळ गेला आणि तिने आपणहून विचारलं, "तू होतीस ना तिथे? मधे काय झालं?"

डूलाने वही उघडली. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवल्यावर बाईने दोन प्रश्न विचारले होते, असं त्यात लिहिलेलं होतं. अजून थोडा वेळ थांबलं तर काय होईल? आणि बाळाला लगेच माझ्याजवळ द्याल का? उत्तरं ऐकून तिने एक कळ जाऊ दिली आणि म्हणाली, "ठीक आहे. करूया."

"मी म्हणाले?"

"तूच."

"म्हणजे मला विचारलं होतं?"

हे मला सांगताना डूलाच रडत होती. ती बाई मात्र रडली नव्हती. तिने वही स्वतःकडे ओढून घेऊन ती ओळ दोनदा वाचली होती आणि नवऱ्याला हाक मारून, "हे बघ, मी काय विचारलं होतं," असं म्हणाली होती.

मी या क्षणाकडे परत परत वळते. शस्त्रक्रिया तीच, टाके तेच, पण आता तिच्या गोष्टीत ती स्वतः हजर होती. माझा कल पहिल्यापासून माणसाच्या स्वतःच्या कथनाकडे आहे, आणि हे सुचवल्याचं थोडं समाधान मला आहे, ते कशाला लपवू? मानववंशशास्त्रज्ञ आर्नोल्ड व्हान गेनेप यांनी १९०९ मध्ये आयुष्यातल्या स्थित्यंतरांचे तीन टप्पे मांडले होते: जुन्यापासून सुटणं, मधली अधांतरी अवस्था आणि नव्या रूपात माणसांत परत येणं. प्रसूतीच्या बाबतीत पहिल्या दोन टप्प्यांभोवती पुष्कळ माणसं असतात. तिसऱ्यात सगळ्यांच्या नजरा बाळाकडे वळतात आणि बाई एकटीच परत येते. 'तू कुठून आलीस ते मी पाहिलंय' असं म्हणू शकणारी व्यक्ती तिथे बहुधा डूलाच असते.

म्हणून प्रसूतीला अर्थ द्यायचा म्हणजे मेणबत्त्या, मंत्र किंवा सुंदर समारंभ लागतो, असं मला वाटत नाही. बाईला हवं असेल तर जरूर करा. पण तिच्यावर अर्थ लादू नका. "काम होतं, झालं" असं म्हणून मोकळ्या होणाऱ्या बायकाही असतात आणि त्यांचं काही दडपलेलं नसतं.

आधीच्या भेटींत 'तुला कसं हवंय' याबरोबर 'तुला कशाची भीती वाटते' आणि 'काय मागे सुटेल असं वाटतं' हेही विचारावं. पहिल्या प्रश्नाला यादी मिळते, बाकीच्या दोनांना माणूस. कळा टिपेला पोचतात तेव्हा बऱ्याच जणी 'आता मला जमणार नाही' म्हणतात. तेव्हा भाषण नको. तिच्या श्वासाबरोबर राहावं. योजना बदलायची वेळ आली तर प्रश्न तिच्यापर्यंत पोचतोय ना, एवढं पाहावं. डूलाने तिच्या वतीने वाद घालू नये आणि उत्तरही देऊ नये. प्रसूतीतल्या आधाराच्या अभ्यासक एलेन हॉडनेट यांनी २००२ मध्ये अनेक अभ्यास तपासून दाखवलं, की प्रसूतीबद्दलच्या समाधानावर वेदनेपेक्षा किंवा वैद्यकीय उपायांपेक्षा जास्त परिणाम अपेक्षा, मिळालेला आधार, काळजी घेणाऱ्यांशी नातं आणि निर्णयातला सहभाग यांचा होतो. या चारांतल्या एकालाही योजना तंतोतंत पार पडावी लागत नाही.

वहीबद्दल थोडं. तिच्या परवानगीनेच लिहावं, पाहिलं तेवढंच लिहावं आणि शेवटी ती तिच्या स्वाधीन करावी. विचारणा झालीच नसेल, तर झाली असं रंगवून सांगू नये. खोट्या आधाराने तिचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास जातो. अशा वेळी 'तुला विचारलं नाही, मी पाहिलं' एवढं म्हणणंही पुष्कळ असतं.

आणि डूलाने समुपदेशक होऊ नये. पहिल्या काही दिवसांतलं रडू येणं साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही उदासी टिकली, तोच प्रसंग स्वप्नात येत राहिला, बाळाजवळ जावंसं वाटेना, तर डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला तिला मदत करावी. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, किंवा भास होत असतील, तर त्याच दिवशी.

ती डूला आता पहिल्याच भेटीत सांगून ठेवते, की बाळ झाल्यावर मी एकदा फक्त ऐकायला येईन. बऱ्याच जणींना ते तेव्हा अनावश्यक वाटतं. ती तारीख तरीही लिहून घेते.