वाचकांचे प्रश्न : इंजिन बदललेल्या गाडीत एसीचा प्रेशर स्विच

प्रश्न : एमएम ५४० जीपमधलं मूळचं प्युजो इंजिन काढून २.५ लिटरचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन बसवलंय, आरटीओचे सोपस्कारही झालेत. आता एसी बसवायचाय. कंप्रेसरला येणाऱ्या जाड पाइपवर जागा आहे, म्हणून मेकॅनिक प्रेशर स्विच तिथेच लावायचं म्हणतो. चालेल का? (सातारा)

उत्तर : नाही चालणार. गॅसचा दाब फार कमी किंवा फार जास्त झाला की कंप्रेसर थांबवणं हे प्रेशर स्विचचं काम. जाड पाइप म्हणजे कूलिंग कॉइलकडून परत येणारा, कमी दाबाचा. आर-१३४ए गॅस असेल तर एसी चालू असताना तिथे दाब दीड ते अडीच बारच्या आसपास असतो, आणि स्विच साधारण २ बारच्या खाली कंप्रेसरचा क्लच (इंजिनच्या पट्ट्यावर कंप्रेसर जोडणारा-सोडणारा विजेचा भाग) तोडतो. म्हणजे गॅस पुरेसा असूनही क्लच टकटक करत बसणार. शिवाय कंडेन्सरच्या (गरम गॅस थंड करणारी पुढची जाळी) बाजूला दाब चढला तर या स्विचला पत्ताच लागणार नाही.

स्विच लागतो कंडेन्सरनंतरच्या बारीक पाइपवर, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (कूलिंग कॉइलच्या तोंडाशी दाब उतरवणारा व्हॉल्व्ह) आधी. सगळ्यात सोपं म्हणजे डोक्यावर स्विचचा पोर्ट असलेला ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारी डबी) घ्यावा आणि तो उभा, एक्झॉस्टपासून लांब बसवावा. कंप्रेसरमधून निघणाऱ्या पाइपवरही दाब जास्तच मिळतो, पण तिथली उष्णता आणि दाबाचे ठोके स्विचला लवकर खातात.

स्विच ४ पिनांचा, ट्रिनरी म्हणजे तीन कामं करणारा घ्या. तो गॅस गळून दाब २ बारखाली गेला की क्लच तोडतो (गॅसबरोबर तेल फिरतं, गॅस नसेल तर कंप्रेसर कोरडा चालून जाम होतो), १५-१६ बारला कंडेन्सरचा पंखा लावतो आणि २७ ते ३२ बारच्या दरम्यान पुन्हा क्लच तोडतो. नेमके आकडे स्विचप्रमाणे बदलतात. तुमच्या जीपला पंख्याची सोय लागेलच, कारण नवं इंजिन मागे बसलं की त्याचा पंखा रेडिएटरपासून लांब पडतो आणि ट्रॅफिकमध्ये कंडेन्सरला वारा मिळत नाही.

आटे आधी जुळवून पाहा. ३/८ इंच-२४ आणि १० मिमीचे आटे डोळ्याला सारखेच वाटतात, दोन फेरे चढतात आणि अडकतात. जोर लावला की पोर्ट गेला. टेफ्लॉन टेप लावू नका. गळती अडवते ती ओ-रिंग, तिला एसीच्या तेलाचा हात द्या. पोर्टमध्ये पिनचा व्हॉल्व्ह असेल तर पुढे कधी स्विच बदलताना गॅस सोडावा लागत नाही.

प्रश्न : नव्या ट्रिनरी स्विचच्या कुठल्याच दोन पिनांत मल्टिमीटर वाजत नाही, म्हणजे जोडणी दाखवत नाही. खराब निघाला का? (नाशिक)

उत्तर : बहुधा चांगला आहे. चार पिनांच्या दोन जोड्या, एक क्लचची, एक पंख्याची. दाब नसताना दोन्ही उघड्याच असतात. गॅस भरल्यावर, इंजिन बंद असताना, ३० अंशांना सिस्टीममध्ये साधारण पावणेसात बार दाब असतो. तेव्हा जी जोडी वाजेल ती क्लचची, उरलेली पंख्याची. हा दाब तापमानाप्रमाणे बदलतो, म्हणून मनालीत शून्याच्या आसपासच्या थंडीत क्लच लागला नाही तर गॅस संपला असं समजू नका. त्या तापमानाला या गॅसचा दाबच २ बारवर येतो.

क्लच ३ ते ४ अँपिअर ओढतो, पंखा त्याहून बराच जास्त. हा भार स्विचमधून नेऊ नका. एसीचं बटण, थर्मोस्टॅट, प्रेशर स्विच आणि मग रिलेची (छोट्या करंटवर मोठा भार चालू-बंद करणारा स्विच) ८६ नंबरची पिन, असा क्रम ठेवा. ८५ अर्थला, ३० वर फ्यूजमधून बॅटरी, ८७ वरून क्लच. पंख्याला वेगळा रिले. क्लचच्या कॉइलला समांतर १एन४००७ डायोड लावा, म्हणजे क्लच सुटताना उठणारा व्होल्टेजचा झटका तिथेच जिरेल. पट्टीची बाजू पॉझिटिव्हकडे.

प्रश्न : कॉमन रेल डिझेल इंजिन ईसीएमसकट (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरसकट) बसवलं. त्याच्या वायरिंगला तीन वायरींचं प्रेशर सॉकेट आहे, माझा स्विच दोन पिनांचा. कसं जोडू? (कोल्हापूर)

उत्तर : तिथे स्विच नाही, सेन्सर लागतो. एका वायरीवर ५ व्होल्ट, दुसरी अर्थ, तिसरीवरून दाबाप्रमाणे साधारण अर्धा ते साडेचार व्होल्टचा सिग्नल. ज्या गाडीचं इंजिन, तिचाच सेन्सर घ्या, कारण दुसऱ्या सेन्सरचं माप वेगळं असू शकतं आणि मग ईसीएम चुकीचा दाब वाचेल. त्याच्या आट्यांचा पोर्ट बारीक पाइपवर एसीचे होज बनवणाऱ्याकडून बसवून घ्या.

काही वायरमन रेझिस्टर लावून ईसीएमला ‘सगळं ठीक’ असा ठरावीक व्होल्टेज देतात. एसी चालतो, पण पंखा बंद पडला तरी ईसीएमला कळत नाही. दाब चढत जातो आणि शेवटी कंप्रेसरचा रिलीफ व्हॉल्व्ह (असेल तर, साधारण ३५ ते ४१ बारला) गॅस बाहेर फेकतो. तुमचा दोन पिनांचा स्विच फेकू नका. तो क्लच रिलेच्या कॉइलच्या वायरीत मालिकेत जोडा, सेन्सर बिघडला तरी कंप्रेसर वाचेल. एसीच्या बटणाची वायर मात्र ईसीएमकडेच जाऊ द्या, नाहीतर क्लच लागताना आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) वाढणार नाही आणि ट्रॅफिक सिग्नलला थांबल्यावर इंजिन बंद पडेल.