लँडस्केपवाल्याची फाईल जाड आहे, पण आत काय आहे?

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. बंगल्यासमोर साधारण दोन गुंठे जागा मोकळी आहे, तिथं लॉन, चालायला पेव्हर ब्लॉक, एका कोपऱ्यात बसायला आणि थोडे लाईट असं करून घ्यायचंय. दोघंजण येऊन बघून गेले. एकानं फाईलच ठेवली समोर, आयएसओ, उद्यम, जीएसटी, कुठल्यातरी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, सगळं लॅमिनेट केलेलं. दुसऱ्याकडं कागद म्हणाल तर बी.एस्सी. अ‍ॅग्रीची डिग्री तेवढी, पण त्यानं आल्याआल्या बोअरचं पाणी मागितलं आणि चक्क जिभेला लावून बघितलं. मिस्टर म्हणतात फाईलवाल्याला द्या, सरकारी कागद आहेत. हे कागद खरे का खोटे ते कळायला काही मार्ग आहे का? लायसन असतं का या लोकांना?

उत्तर : ताई, लायसनचं आधी सांगतो. आपल्याकडं बाग करून द्यायला लायसन लागत नाही, कालपर्यंत पेव्हर ब्लॉक विकणारा आज कार्डावर लँडस्केप कन्सल्टंट छापू शकतो आणि त्याला कोणी काही म्हणत नाही. त्यामुळं कागद खरा का खोटा एवढंच बघून भागत नाही, तो कोणाच्या नावाचा आहे आणि नेमकं काय सिद्ध करतो ते बघायचं. आता त्या फाईलवाल्याचं एकेक घेऊ.

उद्यम म्हणजे धंद्याची नोंदणी. आधार आणि पॅन असलं की घरबसल्या ऑनलाइन होते, फुकट होते, आणि माहिती आपली आपणच भरायची असते. यात बागकाम येतं का हे कोणी तपासत नाही. जीएसटीचंही तसंच. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असली तर सहसा जीएसटी घ्यावाच लागत नाही, म्हणून दुसऱ्याकडं नंबर नसला तर लगेच बाद करू नका. उलट जो बिलात जीएसटी लावणार आहे त्याचा १५ अंकी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा, महाराष्ट्राचा असेल तर २७ नं सुरू होतो, आणि तिथं दिसणारं नाव आणि कोटेशनवरचं नाव एकच आहे का ते बघा. आयएसओबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे. आयएसओ ही संस्था स्वतः कोणाला सर्टिफिकेट देतच नाही, ती फक्त मानकं ठरवते, सर्टिफिकेट देणाऱ्या एजन्स्या वेगळ्या असतात आणि त्यातल्या काही नुसती फी भरली की कागद हातात ठेवतात. आणि खरं असलं तरी ते ऑफिसच्या कामाच्या पद्धतीचं असतं, तुमच्या लॉनशी त्याचा संबंध नाही.

राहिलं ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, ते मात्र नीट बघा. आयटीआयमध्ये फ्लोरिकल्चर अँड लँडस्केपिंग असा ट्रेड आहे, अ‍ॅग्रिकल्चर स्किल कौन्सिलचं माळीकामाचं सर्टिफिकेट असतं, असलं काही असेल तर चांगलंच आहे. नव्या सर्टिफिकेटवर क्यूआर कोड असतो, तो तुमच्या फोननं तुम्हीच स्कॅन करा आणि कुठली साइट उघडते ते बघा, सरकारी किंवा त्या संस्थेची उघडली तर ठीक, त्याच्याच गूगल ड्राइव्हवरचा फोटो उघडला तर चहा पाजून वाटेला लावा. आणि नाव कोणाचं आहे? बरेचदा मालकाच्या पुतण्यानं कोर्स केलेला असतो, तो आता पुण्यात नोकरीला, आणि फाईल इथं फिरत असते. तुमच्या साइटवर रोज उभा कोण राहणार ते विचारा आणि त्याचा कागद बघा.

लेटरहेडवर नुसतं आर्किटेक्ट लिहिलं असेल तर मामला वेगळा. १९७२ च्या आर्किटेक्ट कायद्याप्रमाणं कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडं नोंदणी असल्याशिवाय आर्किटेक्ट ही पदवी लावता येत नाही, लँडस्केप आर्किटेक्ट म्हणवून घेणाऱ्याला मात्र त्याच कायद्यात सूट आहे. नोंदणी क्रमांकात नोंदणीचं वर्ष असतं आणि कौन्सिलच्या साइटवर नाव शोधता येतं. नोंदणी आज चालू आहे का तेही बघा, कारण ती वेळोवेळी रिन्यू करावी लागते. अर्थात दोन गुंठ्यांना लँडस्केप आर्किटेक्ट लागतोच असं मला वाटत नाही.

आता दुसऱ्याचं. डिग्री राहुरीच्या विद्यापीठाची असेल, आपल्या भागातली कृषी कॉलेजं त्याच्याचकडं येतात. मूळ मार्कशीट दाखव म्हणा, खरा शिकलेला माणूस त्यात अपमान मानत नाही. पण मला त्याचं पाणी चाखणं जास्त आवडलं (तुम्ही नका करू). आपल्याकडं नदीकाठच्या काळ्या जमिनीत क्षार चढलेत, बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी मचूळ. अशा ठिकाणी भारी लॉन अंथरली की पहिले दोन महिने हिरवीगार, मग कडेनं पिवळी पडायला लागते आणि काँट्रॅक्टर म्हणतो तुम्ही पाणी कमी घातलं. हरळीच्या जातीचं किंवा पासपालम लॉन खारं पाणी बऱ्यापैकी सोसतं, पण हे सुचायला आधी तपासणी हवी. मातीचा नमुना कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात नाहीतर कांचनपूरच्या केव्हीकेत म्हणजे कृषी विज्ञान केंद्रात नेऊन विचारा. रिपोर्टात ईसी (क्षारांचं माप) ४ च्या वर आला तर जमीन खारवट, पीएच साडेआठच्या वर गेला तर चोपण, म्हणजे सोडियम चढलेली, असण्याची शक्यता. तो रिपोर्ट दोघांपुढं ठेवा आणि आता काय करायचं म्हणून विचारा. एकजण चर, जिप्सम, शेणखत असं काहीतरी बोलेल, दुसरा म्हणेल काळजी करू नका आम्ही लाल माती टाकतो. मग मिस्टरांना वेगळं समजवायची गरज पडणार नाही. पेव्हरचंही विचारा, काळी माती पावसात फुगते उन्हाळ्यात भेगाळते, खाली किती खोदून मुरूम दाबणार ते कोटेशनमध्ये इंचात लिहून घ्या.

लाईटचं काम माळ्याच्या माणसांकडून करून घेऊ नका, तिथं मात्र लायसन असतं. लायसनवाला इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टर आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की लगेच लाईन तोडणारा स्विच) हवी, ओल्या गवतात पोरं अनवाणी फिरणार आहेत. आणि दोघांनाही दोन वर्षांपूर्वी केलेली बाग दाखवायला सांगा, मोबाईलमधले फोटो सगळे पहिल्या आठवड्यातले असतात.

प्रश्न : तासगाव रोडच्या एका नर्सरीवर शासनमान्य असा बोर्ड आहे, तेच लोक बागही करून देतात. मग चांगलेच असतील ना?

उत्तर : फळझाडांची कलमं विकायला कृषी विभागाचा परवाना लागतो, १९६९ चा कायदा आहे, शासनमान्य बहुतेक त्यावरूनच. आंबा, चिकू घ्यायचा तर परवाना बघायला मागा, बघून बिनधास्त घ्या आणि पक्कं बिल घ्या. बाग करून देणं हे त्या परवान्यात येत नाही. आणि बागेसाठी जुनं झाड आडवं येतंय, आम्ही काढून टाकतो असं म्हणाले तर थांबवा. महापालिका, नगरपालिकेच्या हद्दीत वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, ती काढायची कोणी ते आधीच ठरवून घ्या, नाहीतर नोटीस तुमच्या नावानं येणार.