आधी तुझं पेडणं शोध

प्रिय,

भिवंडीच्या नव्या गोदामात सगळं हलवायचं काम तुझ्यावर सोपवलंय, हे कळलं. फार बरं वाटलं. एव्हाना तू एक्सेल उघडून तारखा टाकायला घेतल्या असतील. त्या जरा बाजूला ठेव.

आधी साहेबांना विचार, काम झालं असं कधी म्हणायचं? सामान उतरलं की, नव्या जागेतून पहिली ऑर्डर निघाली की? यात सहज महिन्याचा फरक पडतो. उत्तर मेलवर घे. पुढे कुणी ‘जाता जाता सीसीटीव्हीचंही बघ’ म्हणालं, तर भांडू नकोस. किती दिवस आणि किती पैसे वाढतील ते सांग आणि निर्णय त्यांना घेऊ दे.

मग कोकण रेल्वे आठव. 1990 मध्ये महामंडळ स्थापन झालं, 1998 च्या जानेवारीत सबंध मार्ग खुला झाला. नव्वदच्या वर बोगदे, दोन हजारांच्या आसपास पूल. रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल तर 64 मीटर उंच. पण शेवटपर्यंत अडून बसला तो गोव्यातला पेडण्याचा जेमतेम दीड किलोमीटरचा बोगदा. सह्याद्रीचा कातळ फुटला, तिथली ओली, भुसभुशीत माती मात्र खणावी तशी ढासळायची. बाकीचं कितीही लवकर झालं असतं, तरी पेडणं सुटल्याशिवाय गाडी मंगळूरला पोचणार नव्हती.

तुझं पेडणं कोणतं? माझा अंदाज, फायर एनओसी, म्हणजे अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला, नाहीतर वाढीव वीजभाराची मंजुरी. शेवटच्या दिवसापासून मागे मोजत ये, म्हणजे कळेल. रंगकाम चार दिवस लांबलं तर लांबू दे, त्यासाठी कुणाचा जीव खाऊ नकोस. सगळा जोर त्या एका ठिकाणी लाव.

मी पहिल्यांदा कारखाना हलवला, तेव्हा रॅक, रंग, कामगारांची बस, सगळं वेळेत झालं होतं. वीजभाराच्या अर्जापुढे मीच लिहिलं होतं, ‘प्रशासन व मेंटेनन्स’. दोघं एकमेकांची वाट बघत राहिले. यंत्रं एकोणीस दिवस ताडपत्रीखाली होती. ऑपरेटर रोज सकाळी वेळेवर यायचे, ताडपत्रीवर साचलेलं पावसाचं पाणी सांडायचे आणि डबे मांडीवर घेऊन बसून राहायचे. मला त्यांच्याकडे बघवायचं नाही. म्हणून सांगतो, एका कामापुढे एकच नाव लिही, आणि तेही विभागाचं नको, माणसाचं.

‘ऐंशी टक्के झालं’ हे उत्तर कधी घेऊ नकोस. काय राहिलंय ते विचार आणि जाऊन बघ.

शनिवारी भिवंडीला जाशील तेव्हा मलाही घेऊन चल. मला तिथली मीटर रूम बघायची आहे.