साप म्हणून भुई धोपटली, तर खोटं काय होतं?

समज, गैरसमज आणि भ्रम यांवर आलेल्या पत्रांतून निवडलेले प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. वऱ्हाडीत लिहिलेले प्रश्न तसेच ठेवले आहेत, ते सुधारायचं आम्हाला काही कारण दिसलं नाही.

प्रश्न : तिन्हीसांजेला धुऱ्यावर (बांधावर) ठिबकची काळी नळी पडून होती. गड्याले ते साप वाटली, त्यानं काठीनं नळी फोडली. साप तर तिथं नव्हताच. मग त्याच्या मनात आला तो कोणता साप? जे नाहीच, त्याचं ज्ञान होते कसं? — एक वाचक, ता. दारव्हा

उत्तर : प्लेटोनं 'थिएटेटस' या संवादात हाच पेच टाकला आहे. खोटं मानणं म्हणजे जे नाही ते मानणं. पण जे नाही ते मानलं, तर मानलं काय? काहीच नाही. मग खोटा समज होतो तरी कसा? त्यानं आधी मनाला मेणाच्या लादीची उपमा दिली. जुने ठसे मेणात असतात आणि समोरची वस्तू भलत्याच ठशाशी जुळवली जाते. तुमच्या गड्याला हे उत्तर लागू पडतं. पण सात आणि पाच अकरा म्हणणाऱ्याला ते लागू पडत नाही, कारण तिथे डोळ्यांसमोर काहीच नसतं. म्हणून त्यानं पुढे पाखरांच्या पिंजऱ्याची उपमा घेतली, की हात घातला एका पाखरासाठी आणि हाती आलं दुसरं. तीही त्याला पुरी पडली नाही.

आपल्याकडे नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, हा पेच नीट सोडवला. त्यांच्या मताला अन्यथाख्याती म्हणतात. नळी खरी आहे. सापही खरा आहे, फक्त तो इथला नाही, पूर्वी कधी पाहिलेला आहे. खोटी आहे ती जोड, 'हे' आणि 'सापपण' यांची. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त व्याख्या आहे : ज्यात जो धर्म नाही, त्यात तो धर्म आहे असा अनुभव म्हणजे अयथार्थ अनुभव. या व्याख्येला 'नसलेली वस्तू' लागतच नाही, आणि इथेच प्लेटोची अडचण सुटते.

मीमांसा दर्शनातले प्रभाकराच्या मताचे लोक याहून पुढे गेले. ते म्हणतात, जोडसुद्धा झालेली नाही. समोर काहीतरी लांब, काळं दिसलं हे खरं आणि साप आठवला हेही खरं. दोन्हींतला फरक तेवढा कळला नाही. म्हणजे खोटं ज्ञान असं काही नसतंच! मत चलाख आहे, पण नैयायिकांचा आक्षेप आम्हाला वजनदार वाटतो : नुसतं न कळण्यानं कोणी काठी उचलत नाही. काठी उचलायला 'हा साप आहे' असं काहीतरी ठाम मनात लागतं.

आता कामाची गोष्ट. ठिबकची उपनळी बहुतेक १६ मिलिमीटरची असते आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तेवढीच जाड. बहुतेक साप शेपटीकडे निमुळते होतात. म्हणून बॅटरीचा उजेड मध्यावर न टाकता दोन्ही टोकांवर टाकावा. टोक दिसत नसेल तर तो भ्रम नव्हे, संशय. 'खांब की माणूस' या शास्त्रातल्या जुन्या उदाहरणाच्या जातीचा. संशयात काठी उगारू नये, दोन पावलं मागे सरावं.

प्रश्न : मी सोता पऱ्हाटीत (कपाशीत) फिरून बोंडं पाहिली होती. एकालेही छिद्र नव्हतं. म्हणून अळी नाही असं समजलो, फवारणी केली नाही. वेचणीले कवड्या (किडका, नीट न फुललेला कापूस) निघाल्या. डोळ्यानं पाहिलेलं खोटं कसं निघालं? — एक कास्तकार, ता. आर्वी

उत्तर : डोळ्यानं पाहिलेलं खोटं निघालं नाही. बोंडाला छिद्र नव्हतं, हे खरंच होतं. वरच्या प्रश्नातली चूक पाहण्यातली आहे, तुमची अनुमानातली. हा फरक नीट धरा, कारण दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

तुमचं अनुमान वाक्यात मांडलं तर असं होतं : जिथे छिद्र नाही, तिथे अळी नाही. शास्त्रातलं ठेवणीतलं उदाहरण आठवा. धूर आहे म्हणजे अग्नी आहे, हे चालतं. धूर नाही म्हणजे अग्नी नाही, हे चालत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. याला व्यभिचार म्हणतात. तुमचं बोंड म्हणजे तो गोळा.

गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघाल्यावर फार लहान असतानाच कोवळ्या बोंडात शिरते. शिरण्याचं छिद्र बोंड वाढताना बुजून जातं. बाहेरून ठळक दिसतं ते गोल छिद्र पुरी वाढलेली अळी बाहेर पडतानाचं असतं. म्हणजे तुम्ही जी खूण शोधत होता, ती अळी आल्याची नसून गेल्याची आहे. दुसरा घोळ नावानं केला आहे. 'गुलाबी' म्हटल्यामुळे माणूस गुलाबी रंग शोधतो. लहान अळी पांढुरकी असते, डोकं तपकिरी. गुलाबी छटा ती मोठी झाल्यावर चढते. बोंड फोडूनही 'काही नाही' म्हणून फेकून देणारे लोक असतात ते यामुळे.

तपासणी अशी करावी. वावरात नागमोडी चालत वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडं तोडावी. धुऱ्याकडच्या एकाच तासातली (ओळीतली) घेऊ नयेत. प्रत्येक बोंड चिरून सरकीपर्यंत पाहावं आणि सालीची आतली बाजूही पाहावी. तिथे बारीक फोडासारखी गाठ असेल तर अळी तिथून आत गेलेली आहे. २० पैकी २ बोंडांत अळी किंवा तिची खूण सापडली, म्हणजे १० टक्के झाले आणि नुकसानीची पातळी गाठली. जोडीला कामगंध सापळे (मादीच्या गंधानं नर पतंग ओढून घेणारे) हवेत. एका सापळ्यात रोज ८ पतंग याप्रमाणे सलग ३ दिवस आले, तरी तोच इशारा समजावा. फुलोऱ्यात डोमकळ्या (अळीमुळे न उमलता मिटून राहिलेली फुलं) दिसल्या तर बोंडांची वाट पाहत बसू नये, त्या तोडून नष्ट कराव्यात.

'बीटी आहे, अळी येत नाही' हा समजही याच जातीचा. बीटी म्हणजे बोंडअळीला मारणारं द्रव्य झाडातच तयार करणारं कापसाचं वाण. त्याच्या बंदोबस्तात मावा, तुडतुडे, फुलकिडे आधीपासूनच मोडत नव्हते, आणि गुलाबी बोंडअळीनं बीटी पचवायला घेतल्याला आता बरीच वर्षं झाली.

प्रश्न : कोठा रस्त्यापल्याड नेला, तरी बैल संध्याकाळी जुन्या कोठ्याकडंच वयते. त्याची समजूत खोटी आहे म्हणावं काय? अन् खोटी म्हटली तर ते कोणतं वाक्य आहे? बैलाजवळ वाक्यं कुठून आली? — एक शिक्षक, ता. मंगरूळपीर

उत्तर : या सदराला आलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न.

समज म्हणजे एखाद्या विधानाशी मनाचं नातं, असं मानणाऱ्यांची परंपरा फ्रेगे आणि रसेल या तत्त्वज्ञांपासूनची आहे, आणि त्यांची कारणं हलकी नाहीत. पहाटेची शुक्राची चांदणी आणि संध्याकाळी पश्चिमेला दिसणारा ठळक तारा ही वस्तू एकच. तरी एखादा माणूस पहिलीबद्दल एक मानतो आणि दुसऱ्याबद्दल ते मानत नाही. म्हणजे समज नुसता वस्तूशी बांधलेला नसतो, ती कशी मनात धरली आहे याच्याशीही बांधलेला असतो. ते धरणं विधानात नीट मांडता येतं.

बैलाकडे आलो की इथेच अडतं. तत्त्वज्ञ नॉर्मन माल्कम यांनी कुत्र्याचं उदाहरण दिलं होतं. मांजर ओकच्या झाडाकडे धावलं, ऐन वेळी वळून मेपलच्या झाडावर चढलं आणि कुत्रा ओकखाली भुंकत राहिला. मांजर ओकवर आहे असं कुत्रा मानतो, असं माल्कम यांना म्हणायचं होतं. दुसरे तत्त्वज्ञ डोनाल्ड डेव्हिडसन यांनी उलट विचारलं : तोच ओक तिथलं सगळ्यात जुनं झाड असेल, तर मांजर सगळ्यात जुन्या झाडावर आहे असंही कुत्रा मानतो का? उत्तर देता येत नाही. म्हणून भाषेवाचून समज नाही, असं त्यांचं म्हणणं.

आम्हाला हे पटत नाही, आणि का ते तलाठ्याच्या दप्तरावरून सांगता येतं. तुमच्या वावराबद्दल दोन कागद असतात, सातबारा आणि गाव नकाशा. दोन्ही एकाच गटाबद्दल बोलतात आणि दोन्ही चुकू शकतात. पण सातबाऱ्यात वाक्यं आहेत, नकाशात नाहीत. सातबाऱ्यावर 'विहीर १' एवढंच लिहिता येतं, ती गटात कुठे आहे ते न सांगता. नकाशावर विहीर काढायची तर ती कुठेतरी काढावीच लागते, 'कुठेतरी आहे' असं काढता येत नाही. तीन भावांचं सामाईक क्षेत्र सातबाऱ्यावर तीन नावांत मावतं. नकाशा पोटहिश्शाच्या मोजणीवाचून कोणाचा तुकडा कोणता ते दाखवू शकत नाही. 'नाही' आणि 'किंवा' नकाशाला येत नाहीत. उलट नकाशात एका धुऱ्याची रेघ सरकली की शेजारच्या गटाचंही क्षेत्र आपोआप बदलतं. सातबाऱ्यात एक नोंद चुकली तर बाकीच्या जागच्या जागी राहतात.

तत्त्वज्ञ फ्रँक रॅम्से यांनी म्हटलं होतं की समज म्हणजे ज्याच्या आधारे आपण वाट काढतो तो नकाशा. बैलाजवळ नकाशा आहे, सातबारा नाही. तो नकाशा जुना झाला आहे, म्हणून खोटा. त्याचं वाक्य करून दाखवा म्हणणं म्हणजे गाव नकाशा वाचून दाखवा म्हणण्यासारखं आहे.

माणसाजवळ दोन्ही असतात. कोठा हलवला हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं, तरी अंधारात पाय जुन्या वाटेला लागतात. सातबारा दुरुस्त झाला, नकाशा व्हायचा आहे. आणि नकाशा बोलून दुरुस्त होत नाही. बैलाला काही दिवस कासरा धरून नव्या वाटेनं न्यावं, चारा-पाणी नव्या कोठ्यातच द्यावं आणि जुन्या कोठ्यात कडब्याची काडीही ठेवू नये. मधे एक दिवस जरी तिथे बांधला तरी केलेलं मोडतं.

प्रश्न : धामण गाईच्या पायांना वेटोळं घालून दूध पिते, असं सासरे ठामपणे सांगतात. किती समजावलं तरी पटत नाही. काय करावं? — एक वाचक, ता. वरुड

उत्तर : आधी एक पाहा. धामण दूध पिते म्हणतात, तर रात्री कोठ्याची बिळं बुजवतात का? उंबऱ्याशी फळी लावतात का? काहीच करत नसतील, तर तो समज सातबाऱ्यावरच्या जुन्या नोंदीसारखा आहे. आजोबांकडून आली, तशीच पुढे चालली. अशी नोंद पुराव्यानं हलत नाही, कारण ती पुराव्यानं झालेली नसते. ती ज्याच्यावर विश्वास त्याच्या शब्दानं झालेली असते. जनावरांच्या डॉक्टरांनी कासेला हात लावून एकदा सांगितलं, तर तुमच्या दहा वेळा सांगण्याहून जास्त उपयोग होईल.

सापाला ओठ नसतात आणि दात मागे वळलेले असतात. त्यानं सड तोंडात धरला तर सडाला जखमा होतील. एका सडाचं दूध कमी आलं की दगडीची (कासदाहाची) शंका घ्यावी. धार काढायच्या आधी प्रत्येक सडाच्या पहिल्या तीन-चार धारा काळ्या फडक्यावर सोडाव्या. गुठळ्या, पाणचटपणा किंवा रक्त दिसलं तर दगडी आहे. काहीच दिसलं नाही तरी ती नाहीच असं नव्हे (वरचं बोंड आठवा). सुप्त दगडीला दवाखान्यातल्या द्रावणाची चाचणी लागते. त्यात दूध आणि द्रावण सारख्या मापानं घेतात, मिश्रण घट्ट चिकट झालं तर दोष आहे. दुसरा चोर वासरू. रात्री दावं सैल नाही ना, ते पाहावं.

धामण मारू नये. तिला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि ती कोठ्यात येते ती उंदरांसाठी.

प्रश्न : दुसऱ्याचा समज खोटा असू शकतो, हे मुलांना कितव्या वर्षी कळतं? अंगणवाडीत पाहता येईल का? — एक सेविका, ता. आर्णी

उत्तर : येईल. हाइन्झ विमर आणि योसेफ पर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये या जातीची चाचणी प्रसिद्ध केली. एक टोपली, एक झाकणाचा डबा, एक बाहुली आणि एक चेंडू घ्या. बाहुली चेंडू टोपलीत ठेवते आणि बाहेर जाते. तुम्ही मुलासमोर चेंडू डब्यात ठेवा. बाहुली परत येते. मग विचारा : 'बाहुली चेंडू आधी कुठे शोधेल?' तीन वर्षांची बहुतेक मुलं डबा दाखवतात, चार-पाच वर्षांची होता होता टोपली दाखवू लागतात.

फसगत कुठे होते? 'चेंडू आता कुठे आहे?' आणि 'सुरुवातीला कुठे ठेवला होता?' हे दोन प्रश्न विचारायचे राहून जातात. यातलं एक जरी चुकलं, तर मुख्य उत्तर धरू नका. मूल गोष्टच विसरलं आहे. जागा दोनच असल्यानं नुसत्या अंदाजानंही निम्मी उत्तरं बरोबर येतील, म्हणून दुसऱ्या दिवशी वस्तू आणि बाजू बदलून पुन्हा घ्या. एका वेळी एकच मूल, बाकीची हाकेच्या पलीकडे. नाहीतर मागून कोणीतरी 'डब्यात, डब्यात' ओरडतं आणि दिवस फुकट जातो. तुम्ही स्वतः प्रश्न विचारताना टोपलीकडे पाहू नका, मुलं नजर वाचतात. डबा दाखवणारं मूल मंद नसतं, त्याला रागवू नये.

प्रश्न : 'पाऊस येऊन राहिला, पण मले तसं वाटत नाही' असं कोणी का म्हणत नाही? — एक विद्यार्थी, अमरावती जिल्हा

उत्तर : हे कोडं इंग्रज तत्त्वज्ञ जी. ई. मूर यांचं. गंमत अशी की दोन्ही अर्धं एकाच वेळी खरं असू शकतं. बाहेर पाऊस आहे आणि आत झोपलेल्याला ते ठाऊक नाही, असं रोज घडतं. 'पाऊस येऊन राहिला, पण त्याले तसं वाटत नाही' हे कोणीही म्हणेल. 'मले वाटलं नव्हतं' हेही चालतं. अडतं ते फक्त 'मी' आणि 'आता' एकत्र आले की, कारण पाऊस येतो असं मी सांगितलं की मला तसं वाटतं हे त्यातच येऊन जातं. मराठीत याची खूण क्रियापदावरच आहे. 'मले वाटलं पाऊस येईल' एवढंच ऐकून समोरचा सहसा समजतो, की आला नाही.